बाद झालेला गडी परत येतो तेव्हा

मुलांनो, मागे एकदा मधल्या सुट्टीत आमच्या चौथीच्या दोन मुलांचं कडाक्याचं भांडण जुंपलं. कारण ना खाऊ, ना हरवलेली पट्टी. कारण होतं मोबाइलवरचा खेळ! एकाचं म्हणणं, "मारलेला शत्रू थोड्या वेळाने परत उभा राहतो. मग मारून उपयोग काय? सगळी मजाच जाते." दुसऱ्याचं म्हणणं, "अरे, तो परत येतो म्हणून तर छाती धडधडते!" शेवटी दोघंही माझ्याकडे आले. "बाई, तुम्हीच सांगा, खरं कोणाचं?"

आता बाईंना मोबाइलवरच्या खेळातलं काय कळणार, असं तुम्हाला वाटेल. पण हा प्रश्न मोबाइलपेक्षा खूप जुना आहे, बरं का! आपल्या मातीतल्या कबड्डीने त्याचं उत्तर एक नाही, तीन प्रकारांनी देऊन पाहिलं आहे.

तुमच्या आजोबांना विचारा. ते कबड्डीला कदाचित हुतुतू म्हणतील. या खेळाचे तीन प्रकार होते. त्यातला एक गामिनी. गामिनीत गडी बाद झाला की बाहेर बसायचं. त्याचा सगळा संघ किंवा समोरचा सगळा संघ बाद होईपर्यंत त्याला आत यायला बंदी. दुसरा अमर. यात स्पर्श झाला तरी गडी बाहेर जातच नाही, फक्त समोरच्याला गुण मिळतो. आणि तिसरा संजीवनी. यात समोरचा एक गडी बाद केला, की आपला बाहेर बसलेला एक गडी जिवंत होऊन आत येतो. आज शाळेत, स्पर्धेत आणि 2014 सालापासून टीव्हीवर प्रो कबड्डीत जी कबड्डी आपण पाहतो, तिच्यात हा संजीवनीचाच नियम आहे.

तिघांत संजीवनीच का टिकली असेल? चला, एक छोटं गणित करू. समजा, 'अ' संघाचे 4 गडी उरलेत आणि 'ब' संघाचे पुरे 7 आहेत. 'अ'चा चढाईपटू गेला आणि तिघांना हात लावून दम राखून परत आला. गामिनी असेल तर आता 4 विरुद्ध 4. संजीवनी असेल तर? 'ब'चे तीन बाहेर गेले, 'अ'चे तीन आत आले. म्हणजे 'अ' 7 आणि 'ब' 4! एका दमात सगळा डाव उलटा झाला. गामिनीत एक बाजू दुबळी झाली की ती अधिकच दुबळी होत जाते आणि निकाल आधीच दिसू लागतो. संजीवनीत शेवटची शिट्टी वाजेपर्यंत श्वास रोखून बसावं लागतं.

म्हणजे दुसऱ्या मुलाचं खरं? थांबा, इतकी घाई नको.

संजीवनीत परत येणं फुकट नसतं. समोरचा गडी बाद केल्याशिवाय आपला उठत नाही. बोनस रेषा ओलांडून गुण मिळाला तरी त्यावर कोणी जिवंत होत नाही. जो आधी बाद झाला तोच आधी उठतो, 'माझा लाडका चढाईपटू आधी' असं चालत नाही. आणि सगळेच्या सगळे बाद झाले तर सातही जण परत येतात खरे, पण लोण चढतो आणि समोरच्याला 2 गुण जास्तीचे द्यावे लागतात. परत येण्याला कारण आहे, क्रम आहे आणि किंमतही आहे. आणि हे दोन्ही संघांना आधीपासून ठाऊक असतं. म्हणून कोणी रडत नाही.

आता व्हिडिओ गेमकडे वळू. 1978 साली जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' नावाचा खेळ बनवला. पडद्यावर 55 परग्रहवासी रांगेने खाली सरकत येतात. मारलेला त्या फेरीत परत येत नाही. मग खेळ सोपा होत जात असेल ना? मुळीच नाही. जितके कमी उरतात तितके ते वेगाने धावतात! गंमत म्हणजे हे मुद्दाम ठरवलेलं नव्हतं. पडद्यावर कमी चित्रं काढायची असली की ते यंत्र आपोआप भराभर चालायचं. निशिकादोंनी ते पाहिलं आणि तसंच ठेवलं. म्हणजे शत्रू परत न आणताही धडधड वाढवता येते.

मी लहान असताना टीव्हीला जोडायच्या खेळात 'कॉन्ट्रा' असायचा. त्यात एकाच जागी उभं राहिलात तर पडद्याच्या कडेने शिपाई येतच राहतात. हा खेळ जणू सांगत असतो, "बाबा रे, थांबू नकोस, पुढे चल." परत येण्याला तिथेही कारण आहे. 2011 सालच्या 'डार्क सोल्स' या मोठ्यांच्या खेळात शेकोटीजवळ विसावा घेतला की अंगात ताकद भरते, पण मारलेले बहुतेक शत्रूही उठून बसतात. विसावा घ्यावा की तसंच पुढे जावं? इथे किंमत आली, म्हणून धाकधूक आली. पण एखाद्या खेळात पाठ फिरवली रे फिरवली, की तेच चार शत्रू त्याच चार जागी उगवतात. ना कारण, ना किंमत. पहिल्यांदा आपण दचकतो, दुसऱ्यांदा चिडतो आणि दहाव्यांदा जांभई देतो. तिथे मात्र पहिल्या मुलाचं खरं.

आपल्या पुराणकथा सांगणाऱ्यांनाही हे पक्कं माहीत होतं. देवीच्या गोष्टीतला रक्तबीज आठवा. रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा रक्तबीज उभा! नुसते वार करून तो संपणार नव्हता. थेंब जमिनीवर पडूच न देणं, हाच उपाय होता. शुक्राचार्यांची संजीवनी विद्या मेलेल्या असुरांना उठवायची, तेव्हा देवांनी ती विद्या शिकायला कचाला पाठवलं. शत्रू परत येतो तेव्हा 'किती मारले' हा प्रश्न मागे पडतो आणि 'हा येतो तरी कुठून?' हा प्रश्न पुढे येतो. डोकं चालवायला वाव असेल, तरच ते परत येणं रंगतं.

मोबाइलमधला शत्रू नुसतं चित्र आहे. मैदानावर मात्र समोरचा गडी आपल्याच वर्गातला असतो, आणि मला खरी काळजी त्याची वाटते. गामिनीच्या पद्धतीने खेळायला घेतलं की सगळ्यात आधी कोण बाद होतं? जो अंगाने लहान आहे, ज्याला धावता येत नाही, तो. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, तोच तासभर रेषेबाहेर बसून माती उकरतो! संजीवनीत तोच पहिला उठतो. म्हणून खेळाच्या तासाला मी संजीवनीच घेते.

याची दुसरी बाजू डबा ऐसपैसमध्ये दिसते. कोणीतरी येऊन डबा उडवतो, सापडलेले सगळे सुटतात आणि राज्य पुन्हा त्याच पोरावर. एकदा दोनदा मजा वाटते. पण तिन्हीसांज होईपर्यंत त्या बिचाऱ्यावरचं राज्य उतरलंच नाही, तर त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. अशा वेळी मोठ्या मुलांनी आपणहून म्हणावं, "तीनदा झालं, आता राज्य दुसऱ्यावर." नियम माणसांनी केलेले असतात, ते माणसांसाठी बदलताही येतात.

पालकांनाही एक विनंती. मूल मोबाइलवर खेळत असेल तर "बंद कर ते!" म्हणण्याआधी एकदा विचारा, "यातला शत्रू परत का येतो रे?" उत्तर देताना ते विचार करू लागेल. उत्तर सापडलं नाही, तर कंटाळून स्वतःच खेळ बाजूला ठेवेल.

आणि मुलांनो, एक गोष्ट गाठीला बांधा. आपल्या वाशिंदला स्टेशनच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना घाईघाईने रूळ ओलांडणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. तिथे संजीवनी नाही. पूल चढून दोन मिनिटं जास्त लागली तरी चालतील.

आता तुमचं काम. येत्या रविवारी कबड्डीचे दोन डाव खेळा, एक गामिनीचा आणि एक संजीवनीचा. एकाने घड्याळ घेऊन बसा. सगळ्यात आधी बाद झालेला गडी प्रत्येक डावात किती मिनिटं बाहेर बसला, ते वहीत लिहा. मग कोणता डाव जास्त रंगला, ते सर्वांना विचारा. फक्त पहिला प्रश्न त्या बाहेर बसलेल्या गड्यालाच विचारा हं!