भरडणीतील अवधान

पौषात तुरीची मळणी आटोपून नवा माल घरात आला, की अकोल्याच्या दालमिलांचा मार्ग सुगम असतानाही मालेगाव तालुक्यातल्या आमच्या मेडशीस मी वर्षाच्या डाळीचा काही हिस्सा अद्यापि घरच्या जात्यावरच भरडते. आणि काटकसरीखेरीज जो लाभ मला या कामातून होत आला आहे, त्याचाच हिशेब येथे मांडावयाचा आहे.

तूर रात्रभर भिजवून कडक उन्हात वाळवली, म्हणजे आधी फुगलेला व मग आकसलेला दाणा टरफलाशी सांधणाऱ्या चिकट थरापासून सुटू लागतो. तरीही जात्यात घास कमी पडला तर डाळीची चुरी होते आणि अधिक पडला तर अख्खे दाणे तसेच बाहेर येतात. म्हणून एक हात खुंट्यावर व दुसरा जात्याच्या तोंडाशी चालत असताना कान घरघरीवर ठेवावा लागतो, कारण चित्त ढळल्याची पहिली खबर त्या बदललेल्या आवाजातूनच मिळते. पुढे पाखडताना टरफल सुपाच्या काठावरून उडावे आणि डाळ आतच पडावी, यासाठी मनगटाचा प्रत्येक झटका वाऱ्याचा कल पाहून किंचित निराळा द्यावा लागतो. वरवर एकसारख्या दिसणाऱ्या या क्रियेत दोन झटके कधीच सारखे नसतात.

एकाग्रता म्हणजे मन रिकामे करणे, असा एक समज आहे; जात्यावरचा अनुभव मात्र निराळे सांगतो. संशोधक हेमा रायरकर आणि गी पॉइटव्हाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांत माहेर आहे, पंढरी आहे, सासुरवासाचे दुःखही आहे. दळणाऱ्या स्त्रीचे मन पुष्कळ हिंडत होते, परंतु जात्याच्या फेऱ्याने त्या हिंडण्याला लय दिली आणि हाताने काम सोडले नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर बोलताना विनोबांनी कर्माला चित्ताची जोड मिळण्यास विकर्म म्हटले, व त्या जोडीने कर्माचे ओझे उतरते असे प्रतिपादन केले. साने गुरुजींनी लिहून घेतलेल्या त्या प्रवचनांचे मर्म मला तरी जात्यापाशीच उमगले.

तथापि पहाटेपासून सक्तीने दळणाऱ्या स्त्रियांच्या कष्टांना साधना म्हणून गौरवणे हा अन्याय होईल. गिरणीने त्यांची पाठ मोकळी केली, हे निःसंशय इष्टच झाले. साधनेला स्वेच्छा आणि थोडी फुरसत, दोन्ही लागतात. पण घर म्हटले की निवडणे, घासणे, झाडणे ही कामे उरणारच, आणि ती केवळ एकाच्या माथी न मारता घरातल्या सर्वांनी वाटून घ्यावीत. आपल्या वाट्याला आलेले काम उरकण्याची घाई न करता, वाचकहो, त्याचा आवाज ऐकत ते करून पाहा.