गिअरची मूठ

आमची जीप विकली, तेव्हा यजमानांनी हौसेने बसवलेली गिअरची काचेची मूठ मी काढून ठेवली होती. आत लाल फूल आहे. यंदा बियाण्याला पैसे कमी पडले, म्हणून ती विकायला काढली. एका तरुणाने २०० रुपये पुढे केले. पण मोजले तर मुठीचे आटे १२ मिलिमीटरचे, त्याच्या गाडीची दांडी १० ची!

“सुतळी गुंडाळून बसवतो, काकू.”

मला घाट आठवला. चढावर गिअर बदलताना मूठ हातात आली तर? नड होती, तरी पैसे घेतले नाहीत. म्हटले, “लेथवाल्याकडून आट्यांची बुशी करून आण, मग ने.”

आठवड्याने तो बुशी घेऊन आला. मूठ घट्ट बसली. जुनी वस्तू जरूर विका. पण आटे आधी जुळवून द्या.