खाडीपलीकडचें पत्र

कळव्यास राहणाऱ्या मनुष्याला ठाणें रोज दिसतें. त्याविषयीं विचार मात्र तो क्वचितच करतो. सकाळची लोकल कळवा सोडून खाडीच्या पुलावर चढते, तिवरांची झाडी आणि गढूळ पाणी दिसतें, आणि तें नीट पाहण्यापूर्वींच ठाणें स्टेशन येतें. अठ्ठावीस वर्षें आम्ही हा पूल ओलांडीत आहों. या खाडीपलीकडे सातशें वर्षांपूर्वीं एक परदेशी मनुष्य एकटा बसून पत्र लिहीत होता, ही गोष्ट आम्हांस गेल्या हिवाळ्यापर्यंत केवळ पुस्तकी माहिती म्हणून ठाऊक होती. ती आमच्या घरची कशी झाली, तें येथें सांगावयाचें आहे.

आमची एकुलती एक कन्या दोन वर्षांपूर्वीं संशोधनासाठीं जर्मनीस गेली. तिची आई त्याच्या आदल्याच वर्षीं निवर्तली होती. एका रविवारीं तिचा फोन आला. तिकडे हिवाळ्यांत दुपारीं चारलाच अंधारून येतें. "बाबा, आज दिवसभरांत मी कोणाशीं एक शब्दहि बोललें नाहीं," असें ती म्हणाली. यावर बापानें काय बोलावें? आम्ही पडलों प्राध्यापक! शिष्यवृत्ति मिळाली आहे, प्रकृति धड आहे, उबदार खोली आहे. इतकें किती जणांस लाभतें? मनुष्यानें कृतज्ञ असावें, असें पांचसात मिनिटांचें व्याख्यान आम्ही तिला ऐकविलें. "बरं, बाबा," एवढेंच ती म्हणाली. पुढें तिचे फोन नियमित येत. पण त्यांत हवापाण्यापलीकडे कांहीं नसे. व्याख्यान संपण्याची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा चेहरा जसा सभ्य होतो, तसा तिचा आवाज सभ्य झाला होता.

त्याच सुमारास कॉलेजांतल्या एका कामासाठीं हेन्री यूल यांनीं १८६३ सालीं इंग्रजींत आणलेलें जॉर्डनस या धर्मोपदेशकाचें पुस्तक आम्ही पुन्हा उघडलें. जॉर्डनस हा डोमिनिकन पंथाचा साधु. इराणांतून चार फ्रान्सिस्कन सोबत्यांसह तो निघाला, तो दक्षिणेंतील कोल्लमला जाण्यासाठीं. पण जहाजानें त्यांस ठाण्यास आणून सोडलें. जॉर्डनस उपदेशासाठीं गुजराथच्या वाटेस लागला असतां, १३२१ च्या एप्रिलांत, धर्मविषयक वाद विकोपास जाऊन ठाण्याच्या अधिकाऱ्यांनीं त्या चौघांस ठार मारविलें. जॉर्डनसनें सोबत्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले, आणि मग तो या किनाऱ्यावर एकटा राहिला.

१३२४ च्या जानेवारींत त्यानें ठाण्याहून आपल्या पंथबंधूंस एक पत्र लिहिलें. साधूचें पत्र म्हणजे ईश्वरी कृपेचीं स्तोत्रें असणार, अशी आपली समजूत असते. या पत्रांत तसें नाहीं. चांच्यांनीं धरलें, तुरुंगांत टाकलें, खोटे आळ आले, शिव्याशाप ऐकले. भूक, तहान, ऊन, थंडी, आजार सोसले. अंगावर पंथाचा झगाहि उरला नाहीं, नुसत्या सदऱ्यावर हिंडावें लागलें, हें सारें त्यानें एकामागून एक मांडलें आहे. कोणी तरी सोबती यावेत, ही त्याची आस आहे. आपलें दुःख गोड करून सांगण्याची त्याला गरज वाटली नाहीं.

आणि याच मनुष्यानें पुढें हिंदुस्थानाविषयीं जें छोटें पुस्तक लिहिलें, त्यांत आंबा आहे! हें फळ इतकें मधुर आहे कीं तें शब्दांनीं सांगतां येत नाहीं, अशा आशयाचें तो लिहितो. फणस पाहून तो चकित होतो; एक फणस पांच माणसांस पुरेल, असा हिशेबहि देतो. या देशाचे लोक खाण्यापिण्यांत स्वच्छ, बोलण्यांत खरे आणि न्यायाला जागणारे आहेत, असा निर्वाळा त्यानें दिला आहे. ज्याचे चार सोबती याच भूमींत मारले गेले, त्याची ही साक्ष आहे! एका गांवच्या अधिकाऱ्यांच्या क्रौर्यावरून त्यानें साऱ्या देशाचें मोल ठरविलें नाहीं. पुस्तकांत 'कृतज्ञता' या विषयावर प्रवचन नाहीं. पण ज्यानें खाल्लेल्या फळाची चव आणि भेटलेल्या माणसांचा चांगुलपणा इतका नेमका लक्षांत ठेविला, त्यानें आपलें ऋण फेडलें, असें आम्ही समजतों.

दुसरें उदाहरण मराठी वाचकांस अधिक परिचयाचें आहे. फादर स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरले, आणि तीनच आठवड्यांत त्यांनीं इंग्लंडांतील वडिलांस पत्र लिहिलें. त्यांत मुख्यतः समुद्रप्रवासाची हकीकत आहे. मायदेशीं ते पुन्हा गेले नाहींत. त्यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं छापलें गेलें, आणि त्यांत त्यांनीं मराठी भाषेचा जो गौरव केला, तो आजहि आपण अभिमानानें मिरवितों. पत्र आणि गौरव यांमध्यें छत्तीस वर्षांहून अधिक काळ गेला आहे. एवढ्या काळांत परकी भाषा त्यांची झाली, तेव्हां कुठें तिच्याविषयींचें प्रेम ओवींत उतरलें.

हें वाचून आम्हांस आमची चूक दिसली. परदेशीं गेलेल्या माणसाकडून घरीं बसलेल्यांनीं कृतज्ञतेची मागणी करणें म्हणजे पेरणीच्या दिवशींच खळ्यावर जाऊन बसणें होय. आधीं पत्र लिहूं द्यावें. त्यांत तुरुंग, ताप, फाटका सदरा, सारें येऊं द्यावें. आंबा मागाहून येतो. आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मुलीचें दुःख ऐकून घेण्याचें बळ आमच्यांत नव्हतें, म्हणून आम्ही तिला उपदेश केला. आम्हीहि या घरांत एकटेच होतों. पण तें आम्ही तिला कधीं सांगितलें नव्हतें.

त्या रविवारीं फोन आम्हींच केला. "आज काय जेवलीस? आणि कोणाबरोबर?" एवढेंच विचारलें. कांहीं क्षण ती बोलली नाहीं. मग रडली, आणि मग तासभर बोलत राहिली. आम्हींहि सांगितलें कीं, तिच्या आईमागें संध्याकाळचा स्वयंपाक आम्हांस नकोसा होतो, आणि शेजारच्या वहिनी गुरुवारीं न विसरतां भाजी पाठवितात. हें बोलतांना ध्यानांत आलें कीं, त्या वहिनींचे आभार आम्ही आजवर एकदांहि मानले नव्हते. कृतज्ञतेवर व्याख्यान देणाऱ्याची ही कथा!

दुसऱ्या दिवशीं त्यांचा डबा घासून, त्यांत चार चिकू घालून आम्ही तो परत केला. "अहो सर, हें कशाला?" असें त्या म्हणाल्या. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

पुढें सप्टेंबरांत मुलीनें फोनवर सहज सांगितलें, "बाबा, खालच्या मजल्यावरच्या आजी रोज जिन्यावर माझ्यासाठीं बागेंतलीं सफरचंदें ठेवतात. जराशीं आंबट असतात. पण मला आवडतात." आम्ही कांहीं बोललों नाहीं. तीं केवढीं असतात, एवढें मात्र विचारलें.