सांभाळ मोठ्यांचा, निरीक्षण मुलांचं

लेपर्ड गेको ही ठिपक्याठिपक्यांची, जाड शेपटीची, वीतभर लांब पाल. मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. आता इंग्लंड-अमेरिकेत ती काचेच्या पेटीतच जन्मते आणि वाढते. ‘मुलांना जबाबदारी शिकवायला बरी,’ असं म्हणून ती विकली जाते, आणि माझा आक्षेप नेमका इथे आहे. नीट सांभाळली तर ही पाल पंधरा-वीस वर्षं जगते. आठ वर्षांच्या मुलानं हट्टानं आणलेली पाल त्याच्या पदवीनंतरही घरात असणार. त्यामुळे तिचा सांभाळ पहिल्या दिवसापासून मोठ्यांनीच पत्करायला हवा. मुलांच्या वाट्याला निरीक्षण द्यावं, आणि हा वाटा दुय्यम समजू नये.

सांभाळ मोठ्यांचा का, हे पेटीत डोकावलं की कळतं. या पालीच्या अंगात पुरेशी ऊब तयार होत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. म्हणून पेटीचं एक टोक जमिनीलगत 32 अंश सेल्सियसच्या आसपास आणि दुसरं 25 च्या आसपास ठेवायचं, म्हणजे तिला हवं तेव्हा इकडून तिकडे जाता येतं. ऊब कमी पडली तर खाल्लेलं पचत नाही. थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट लावली तर पोट भाजतं. खाणं जिवंत कीटकांचं. रातकिडे आणि मीलवर्म यांत कॅल्शियम फार कमी असतं, म्हणून त्यांना कॅल्शियमची पूड लावून द्यावं लागतं. हे कित्येक आठवडे चुकत राहिलं, तर शरीर स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं, जबडा मऊ पडतो आणि पाय वाकतात. वाकलेले पाय पुन्हा सरळ होणं अवघड. इतकी सलग, न चुकणारी शिस्त शाळकरी मुलाकडून मागणं मुलावरही अन्याय आणि पालीवरही. शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांनी तिला हाताळूच नये, इतरांनी हाताळल्यावर साबणानं हात धुवावेत.

मग मूल शिकणार काय, असं कुणी विचारेल. बघायला शिकेल. या जिवाचं आजारपण आवाज करत नाही. चरबी साठवणारी शेपटी हळूहळू बारीक होते, कात टाकताना बोटांवर कातडीची कडी अडकून राहते आणि रक्तपुरवठा तुटून बोट झडतं. ओलसर मॉसचा डबा पेटीत असला तर हे बहुधा टळतं, पण तरी कात टाकल्यावर बोटं तपासावी लागतात. असं बारकाईनं बघण्याचं कुतूहल मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त असतं. आणि बघण्यासारखं पुष्कळ आहे. इतर बहुतेक पालींना पापण्या नसतात, हिला आहेत. हिच्या बोटांना चिकटगाद्या नसल्यानं ती काचेवर चढत नाही. टाकलेली कात ती स्वतःच खाते. संध्याकाळी दिवा मंद करून हे वहीत टिपणारं मूल तिला सारखं हातात घेणाऱ्या मुलापेक्षा तिच्या अधिक जवळ असतं, असं मला ठाम वाटतं. उगाच धरपकड झाली तर घाबरून ती शेपूट तोडून टाकते. नवी उगवते, पण गुळगुळीत आणि आखूड.

प्राण्याला पेटीत डांबणंच क्रूर, हा आक्षेप मी हलका मानत नाही. पेटीत जन्मलेली पाल रानात सोडणं हा मात्र त्यावरचा इलाज नव्हे. आपल्या हातात आहे ते प्रशस्त पेटी, लपायला दोन-तीन जागा आणि एका पेटीत एकच पाल. दोन नर तर एकमेकांना फाडतात. खरी क्रूरता मला रंगांच्या हौसेत दिसते. ‘लेमन फ्रॉस्ट’ या झळाळत्या पिवळ्या वाणाच्या जनुकाचा त्वचेच्या गाठींशी संबंध असल्याचं 2021 मध्ये संशोधकांनी दाखवलं. असा वाण विकत घेणं म्हणजे ते दुखणं पुढच्या पिढीत पोसणं.

महाराष्ट्रातही हिच्या बहिणी आहेत. सातपुड्यातली एक जात तर 2014 मध्ये शास्त्राला नव्यानं कळली. त्या विषारी नाहीत, तरी विषारी समजून मारल्या जातात. त्यांना मारू नये आणि घरीही आणू नये. परदेशातल्या घरात लेपर्ड गेको आणायचीच असेल, तर आधी रिकामी पेटी थर्मोस्टॅट लावून आठवडाभर चालवा, दोन्ही टोकांचं तापमान रोज तपासा, आणि पुढची पंधरा वर्षं हे कोण करणार त्या मोठ्या माणसाचं नाव घरात ठरवा. नाव ठरत नसेल तर पाल आणू नका.