सामायिक पानावरची एक ओळ

कॅशिंगची, म्हणजे एकदा तयार झालेले वेबपान जपून ठेवून पुढच्या मागणीला तेच देण्याची, खरी अडचण साठवणुकीत नसून ते पान कोणासाठी तयार झाले हे ओळखण्यात आहे. कारण बाकी सारा मजकूर सर्वांना सारखा असला तरी कोपऱ्यातली ग्राहकाच्या नावाची एक ओळ ते पान त्याच्या एकट्याचे करते.

साठवलेले पान ज्या खुणेने शोधले जाते तिला 'की' म्हणतात. ती बहुधा वेबपत्त्यावरून बनते, आणि पत्ता तर सर्वांचा एकच. 'व्हेरी' हा हेडर, म्हणजे पानासोबत जाणारी सूचना, लावून कुकीगणिक, म्हणजे ब्राउझर सोबत पाठवतो त्या ओळखचिठ्ठीगणिक, वेगळी प्रत ठेवता येते. परंतु वाचकसंख्या मोजणाऱ्या साधनांच्या कुकीही त्यात मिसळत असल्याने प्रत्येकाची प्रत निराळी होते आणि कॅशे असून नसल्यासारखी ठरते. 2006 साली आलेली व्हार्निश ही प्रणाली कुकीसह आलेली मागणी आपणहून कॅशेतून भागवत नाही. हा सावधपणा अडथळा समजून कुकी छाटण्याचे नियम अनेकांनी लिहिले, प्रस्तुत लेखकानेही लिहिले, आणि हिट रेट, म्हणजे कॅशेतून भागलेल्या मागण्यांचा टक्का, चढल्याचा आलेख बैठकीत मांडताना त्याला वाटणारे समाधान कारागिरीचे कमी व मिरवण्याचे अधिक होते.

2001 मध्ये मांडल्या गेलेल्या 'एज साइड इन्क्लूड्स'ने पानाला भोके ठेवून तेवढेच तुकडे प्रत्येकासाठी ताजे आणण्याची सोय केली, आणि प्रश्न मिटला असा लेखकाचा ग्रह झाला. तो मोडला एका शिकाऊ सहकारिणीच्या प्रश्नाने: नाव भोकात गेले, पण सभासदांच्या सवलतीची किंमत सामायिक भागातच राहिली, ती कोणाची? त्या किमतीवर कोणाचेच नाव नव्हते, म्हणूनच ती इतके दिवस कोणाच्या नजरेला आली नव्हती. 25 डिसेंबर 2015 रोजी स्टीम या खेळविक्रीच्या संकेतस्थळावर चुकीच्या कॅशे-मांडणीमुळे एकाची पाने दुसऱ्याला दिसली आणि सुमारे 34,000 ग्राहकांची माहिती उघडी पडण्याची शक्यता निर्माण झाली. तेथे निदान परके नाव पाहून वाचक दचकला तरी. निनावी चुकीत दचकायला कोणी नसते.

वैयक्तिक भाग ब्राउझरमध्ये मागाहून भरण्याची आजची रीत लेखकाला आळशी वाटते, कारण रिकामी जागा क्षणभर लुकलुकते व मजकूर खाली ढकलला जातो; तरीही तिच्यात सामायिक पान कोणालाच न ओळखता तयार होते, हे त्याला मान्य करावे लागते. आता तीच सहकारिणी दोन खात्यांनी आलेली पाने अक्षरशः ताडून पाहते. मात्र दोन्ही खाती एकाच शहरातली असली, तर शहरागणिक बदलणारा पोचवणीचा खर्च त्या ताळ्यातूनही निसटतो.