वाराचा घास

जुन्नरच्या लेण्यांतला गारवा आधी तळपायांना लागतो. मग पोटऱ्यांना. आणि आतल्या खोलीत, त्या अरुंद दगडी ओट्यावर पाठ टेकली की मणक्यामणक्यातून सरकत तो मानेपाशी येतो आणि तिथेच थांबतो. बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत असावं, खाली कुकडीच्या अंगाची शेतं पांढुरकी पडलेली असावीत, आणि आपण मात्र कधीच ऊन न पाहिलेल्या दगडावर डोळे मिटून पडलेलं असावं. लहानपणी आजोबांबरोबर मानमोडीच्या डोंगरावर जायचे तेव्हा मला याचीच हौस असे. त्या गारव्याला वासही होता: ओल्या दगडाचा, वटवाघळांचा, जवळच्या पोढीत, म्हणजे कातळात खोदलेल्या टाक्यात, साठलेल्या जुन्या पाण्याचा. आजही एखाद्या वाड्याच्या शहाबादी फरशीवर अनवाणी पाऊल पडलं की तो वास आधी येतो, आणि मागोमाग तेव्हाचाच प्रश्न. इथे कोण निजत असेल?

त्याचं नाव कुठल्या शिलालेखात नाही. मी आपला मनाशी धरला आहे, बावीस-तेविशीचा, दूरदेशीचा एक भिक्खू. अगदीच हवेतून आणलेला नाही हं. अशोकाच्या काळात मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी देशोदेशी धर्मदूत धाडले, त्यांची नावं ‘महावंसा’त आहेत. महाराष्ट्राकडे आले ते महाधम्मरक्खित. आणि अपरान्ताकडे, म्हणजे आपल्या कोकणपट्टीकडे, धम्मरक्खित नावाचा चक्क एक यवन, म्हणजे ग्रीक. लेणी त्यानंतरची. पण सोपाऱ्याला, कल्याणला उतरून नाणेघाट चढून जुन्नरात येणारी वाट पुढेही शतकानुशतकं वाहती राहिली, आणि त्या वाटेने धम्मरक्खिताचा एखादा धाकटा भाऊबंद वर आलाच नसेल असं मला म्हणवत नाही.

तो आला, आणि पाऊस लागला. नाणेघाटाकडचा पाऊस! चार-चार दिवस समोरचा डोंगर दिसू नये असा. आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहायचं, म्हणून हा ओटा त्याचा. तीन चीवरं, तीही दमट. अंथरूण म्हणाल तर हाच गारवा, जो मला घटकाभराची मौज होता आणि त्याला रात्रभर पुरवायचा होता. कुडकुडताना त्याला आई कोणत्या भाषेत आठवत असेल?

त्याचे आठवडे वारांचे नव्हते, चंद्राचे होते. अष्टमीला आणि पुनवेला खालची माणसं डोंगर चढून यायची, धर्म ऐकायला. धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार. त्यांच्या श्रेणींची नावं या कातळांवर अजून आहेत. त्यांच्यापुढे तो मोडक्यातोडक्या प्राकृतात बोलत असेल. एखादी म्हातारी त्याच्या उच्चाराला पदराआड हसली असेल. पंधरवड्याला सगळ्या भिक्खूंनी एकत्र बसून नियमांचं पठण करायचं. हे झालं व्रताचं. पण मधले सगळे दिवस? मधल्या दिवसांत रोज सकाळी भिक्षापात्र घेऊन निसरडी वाट उतरायची, दारापुढे मुकाट उभं राहायचं, पडेल ते घ्यायचं आणि दुपार व्हायच्या आत जेवून मोकळं व्हायचं. पुन्हा उद्या.

धर्म द्यायला आलेला माणूस आधी रोज घ्यायला उतरत होता. मला त्याची श्रद्धा त्या उतरण्यात दिसते, प्रवचनात फारशी नाही.

आणि गंमत बघा, धम्मरक्खिताने अपरान्तात येऊन सांगितलं ते कोणतं सूत्र? अग्गिक्खंधोपम. धगधगत्या अग्नीच्या उपमेचं. शील सोडलेल्या भिक्खूने श्रद्धाळू माणसाचं अन्न खाण्यापेक्षा तापलेला लोखंडाचा गोळा गिळलेला बरा, असं त्यात बुद्ध सांगतात. ते ऐकून साठ भिक्खूंनी रक्त ओकलं, साठ घरी परतले आणि साठ मुक्त झाले, अशी त्या सूत्राची अखेर आहे. नव्या मुलखात गेलेल्या माणसाने लोकांना स्वर्गाची वर्णनं ऐकवावीत की नाही! याने आपल्याच पात्रातल्या घासाची भीती सांगितली. त्या ओट्यावर पडल्या पडल्या माझा भिक्खू रोज रात्री तेच मोजत असेल, आजचा घास आपल्याला शोभला का.

असं मोजणारा माणूस मी घरात पाहिला आहे. आजोबा मूळचे घोडेगावचे. शिकायला पुण्याला गेले ते वार लावून जेवले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. म्हातारपणी वार विसरले तरी घरं विसरले नाहीत; आज गुरुवार म्हटलं की त्यांना ताकातली भाजी आठवायची आणि ती वाढणाऱ्या बाईंचा हात. शनिवारचं घर काही मिळालं नाही, म्हणून मारुतीचा उपास सुरू झाला आणि तो जन्मभर टिकला. परीक्षेत एकदा गुण कमी पडले तेव्हा आठवडाभर कुणाच्या डोळ्याला डोळा देववेना, असं ते सांगत. हे सांगताना ते हसत नसत.

भिक्खू आजारी पडला तर? विनयात औषधाला हरीतकीची मुभा आहे, आणि आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेच्या रानात हिरड्याला तोटा नाही. तिथली महादेव कोळी कुटुंबं आजही बाळहिरडा वेचून विकतात. तेव्हाही कुणीतरी चार हिरडे त्याच्या पात्रात टाकले असतील, न बोलता. तो तुरट रस जिभेवरून घशात उतरताना हा मुलूख त्याच्या अंगी थोडा थोडा लागला असेल.

मग पाऊस सरला की पवारणा. तीन महिने एकत्र काढलेल्यांनी एकमेकांपुढे हात जोडून विचारायचं, माझं काही वावगं पाहिलंत, ऐकलंत, मनात आलं असेल तर सांगा. आणि मग चालू लागायचं.

जुन्नरच्या लेण्यांत तीन यवन दात्यांची नावं कोरलेली आहेत. इरिलाने दोन पोढ्या दिल्या, चंदाने लेण्याचं दर्शनी दार. आणि चिट नावाच्या तिसऱ्याने संघाला दिला भोजनमंडप. हे मी वाचलं आणि आजोबांना सांगितलं, तेव्हा ते खुर्चीत सरसावून बसले.

“जेवायची जागा दिली त्यानं? मग तो कधीतरी वारावर जेवलेला असणार.”

“अहो आजोबा, व्यापारी असेल तो, पैसेवाला. तो कशाला वारावर जेवेल?”

“तुला काय कळतंय,” ते म्हणाले, आणि चिट कोणत्या वारी कुणाकडे जात असेल ते मला सांगू लागले.