गाडी पळस ते समजनं...

होस्टेलमध्ये रात्री अकरानंतर दोनच विषय रंगतात. पहिला इथे छापता येणार नाही, दुसरा म्हणजे गाड्या! कुठली गाडी शून्य ते शंभर किती सेकंदांत जाते, हे आमच्या विंगमध्ये फर्स्ट इयरच्या पोरालाही पाठ असतं. पण शंभरावरून शून्यावर यायला किती मीटर लागतात, असं विचारा... व्हायव्हाला एक्स्टर्नलसमोर पसरते तशी शांतता! म्हणून हा लेख ब्रेकवर.

निमित्त झालं शिंदखेड्याच्या माझ्या मोठ्या चुलतभावाचं. दादाने हौसेने जुनी होंडा सिटी व्हीटेक घेतली. २००० साली आलेली ही गाडी, दीड लिटरचं इंजिन, १०६ हॉर्सपॉवर. २००३ मध्ये हे मॉडेल बंद झालं, तरी शौकीन मंडळी अजून शोधून शोधून घेतात. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. त्या काळच्या बहुतेक गाड्या अशाच होत्या.

दादाचं रोजचं जाणं-येणं नरडाण्याहून हायवेने धुळ्याला. कापसाच्या हंगामात या रस्त्यावर रात्री काय काय आडवं येतं, ते आपल्याकडच्या पोरांना सांगायला नको. ट्रॅक्टरला दिवा असतो, मागच्या ट्रॉलीला नसतो. एका रात्री अशीच कापसाने भरलेली ट्रॉली अंधारातून एकदम समोर उभी राहिली. गाडी थांबली, पण मध्ये हातभर जागा उरली होती. मागच्या सीटवर माझी पाच वर्षांची पुतणी झोपलेली होती. तिला काही कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन. "तू मेकॅनिकलला ना? मोठ्या डिस्क, चार पिस्टनचे कॅलिपर अन् मागचे ड्रम काढून डिस्क... सगळं टाकून घेतो. पैसे किती का लागेनात!"

मी सुट्टीत घरी होतो. आम्ही गावातल्या मिस्तरी काकांकडे गेलो. दादाने आधी पिकअपचं कौतुक सांगितलं. काकांनी हात पुसत शांतपणे विचारलं, "गाडी पळस ते समजनं. थांबस का, ते सांग."

मग सकाळी सकाळी मोकळ्या रस्त्यावर काकांनी स्वतः गाडी काढली. पन्नासला नेऊन पेडल जोरात दाबलं. चाकं जाम, टायर किंचाळले, रस्त्यावर काळे पट्टे. काका उतरले, पट्टे बघितले अन् म्हणाले, "ब्रेक पुरा शे. टायर रस्ता धरत नही."

मित्रांनो, चार वर्षांच्या इंजिनिअरिंगचं सार या एका वाक्यात आहे! ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवतो तो टायर अन् रस्ता यांच्यामधला घर्षणाचा जोर. आहे तो ब्रेक चाक जाम करू शकत असेल, तर डिस्क ताटाएवढी केली तरी पहिल्या ब्रेकला गाडी अलीकडे थांबणार नाही. थांबण्याचं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले दोन म्यू जी. यात डिस्कचा व्यास कुठेच नाही. म्यू ०.८ धरला तर शंभराच्या वेगाला सुमारे ४९ मीटर लागतात. टायर जुने, कडक होऊन म्यू ०.६ वर आला, तर तेच ६५ मीटर! अन् ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात २८ मीटर वेगळे. दादाचे टायर दिसायला नक्षीदार होते, पण वयाने म्हातारे झाले होते.

मग मोठे ब्रेक लोक टाकतात कशाला? उत्तर आहे उष्णता. माणसांसकट गाडी १२०० किलोची धरा. शंभराच्या वेगाला तिच्यात साधारण ४.६ लाख जूल गतिज ऊर्जा असते. म्हणजे आपल्या मेसच्या चहाचं दीड लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता, अन् ती काही सेकंदांत ब्रेकमध्ये जाते. एकदा ठीक आहे. पण घाटात हे पुन्हा पुन्हा झालं की पॅडची पकड सुटू लागते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे जुनं ऑइल लवकर उकळतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश, ओल धरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंश. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दबतात, द्रव दबत नाही. पेडल खाली जातं, गाडी थांबत नाही! काकांनी दादाच्या गाडीतलं ऑइल काढून दाखवलं. रंग आपल्या मेसच्या चहासारखाच होता.

मागे डिस्क बसवण्याला काकांनी साफ नकार दिला. ब्रेक मारताना वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. पुढे किती अन् मागे किती दाब, हे गणित कंपनीने ड्रम धरून बसवलेलं असतं. मागे जास्त जोर आला तर मागची चाकं आधी जाम होतात अन् गाडीची शेपटी फिरते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ बनावटीत मनमानी बदल चालत नाही. उद्या विम्याच्या वेळी भांडण नको.

शेवटी झालं ते एवढंच : चार नवे टायर, डॉट ४ ऑइल, चांगले पॅड, पुढच्या नव्या डिस्क कंपनीच्याच मापाच्या, जुन्या रबरी नळ्या बदलल्या अन् मागचे ड्रम साफ करून सेट केले. दादाच्या मनातल्या किटच्या निम्म्याहून कमी पैशांत! काकांनी पुन्हा त्याच जागी, त्याच वेगाला ब्रेक मारला. गाडी जुन्या पट्ट्यांच्या टोकाच्या बरीच अलीकडे थांबली. दादा काहीच बोलला नाही, फक्त पट्ट्यांकडे बघत राहिला. तो ट्रॉलीचाच विचार करत असणार.

हे फक्त शौकिनांपुरतं नाही. ४ जुलै २०२३ ला आपल्याच जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला मध्य प्रदेशकडून उतरून येणारा कंटेनर वाहनांना धडकत थेट रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. ब्रेक निकामी झाल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. किमान दहा जणांचा जीव गेला. त्यातले कित्येक तर नुसते रस्त्याच्या कडेला उभे होते. अवजड गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, पण उष्णतेचा नियम त्यांनाही तोच. म्हणून तर जुने ड्रायव्हर सांगतात की घाट ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकचं निम्मं काम इंजिनकडून करून घ्या.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वेळी कुणी नव्या गाडीची हवा करू लागला की त्याला बीएचपी विचारू नका. टायर किती वर्षांचे अन् ब्रेक ऑइल कधी बदललं, ते विचारा. पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या आपल्या बाइकलाही हेच दोन प्रश्न लागू आहेत. सबमिशन संपलं की एकदा बघाच!